कांग तुकिरची करंगळी

“गाऊन घालायचा. बायकांचा, फुलाफुलांचा असतो तसला. डोक्यावर भाताचं पातेलं. आणि सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायचं. जो हरेल त्यानं,” मी म्हणालो.

पाक दुकूहनं उचललेलं भजं परत बशीत ठेवलं. हा आमच्या वस्तीचा प्रमुख. मिशी रोज कातरतो, चपलासुद्धा पुसून घालतो, आणि गेल्या अकरा वर्षांत त्याला पळताना कुणी पाहिलेलं नाही. असा माणूस गाऊनमध्ये कसा दिसेल या एका विचारानंच माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या.

“पैज नक्की कशावर?” त्यानं विचारलं. त्याला सगळं सहीशिक्क्यानिशी लागतं.

मी सांगितलं. येत्या रविवारी सप्तो जिल्ह्याच्या गावी, वातेसला जाणार. तिथं मोटरसायकलींची शर्यत बघणार. आणि शेवटी तो काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा हलवतात ना, तो स्वतःच्या डोळ्यांनी बघणार.

टपरीवर पाचसहा जण भजी खात होते. कुणीतरी आधी हसणार असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. सगळे चहाच्या ग्लासांत बघायला लागले. टपरी माझ्याच बायकोची, रुबियाहची. तिनं झारा कढईच्या काठावर आपटला आणि म्हणाली, “त्या माणसाला तरी सोडा हो.”

“एकवीस वर्षांत तो वस्तीच्या कमानीबाहेर गेलेला नाही, पोनिजो,” पाक दुकूह म्हणाला.

“म्हणून तर पैज. गेला असता तर कशाला लावली असती?”

त्यानं रुमालानं तेलकट हात पुसला, मग माझा हातही पुसला, आणि मग हात मिळवला.

मी लाउडस्पीकर भाड्यानं देतो. लग्न, सुंता, निवडणूक, काहीही असो. आवाज माझ्या हातात असल्यामुळे मला खोड्या काढायला फार सोयीचं पडतं. पाक दुकूहच्या मुलीच्या लग्नात तो भाषणाला उभा राहिला, तेव्हा मी मागून बदकांचा आवाज सोडला होता. हळूच, फक्त त्याच्या वाक्यावाक्याच्या मध्ये. लोक अजून आठवण काढतात. तो पण काढतो.

आता सप्तो. कमानीपासून चौथं घर, पडवी रस्त्याकडे. पडवीत एका फळीवर अल्युमिनियमची हेडं ओळीनं मांडलेली, पेल्यातून काढून ठेवलेल्या कवळ्यांसारखी दिसतात. हेड म्हणजे मोटरसायकलच्या इंजिनाचं डोकं. त्यात दोन वळणदार बोगदे असतात. एकातून पेट्रोल मिसळलेली हवा आत जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर पडतो. कारखान्यात हेडं हजारांनी ओततात, त्यामुळे बोगद्यांत शिवणी राहतात, पुळ्या राहतात. बाजारातून मिरच्या आणायच्या असतील तर तेवढ्यावर भागतं. शर्यतवाल्याचं नाही भागत. मग तो स्वतःचं हेड काढून, फडक्यात बांधून, सप्तोच्या पडवीत आणून ठेवतो.

सप्तो बोगद्यात आधी छोटं ग्राइंडर घालतो, मग कानस, मग काडीला गुंडाळलेला पॉलिशपेपर. नवीन काही बसवत नाही. फक्त आतून काढतो. पण किती काढायचं आणि कुठे हात आखडायचा, तिथंच सगळी विद्या. एक केस जास्त गेला की भिंत फुटते आणि हेड भंगारात. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, हेड कंपनीचंच दिसतं. सुमात्रापर्यंतची पोरं त्याची हेडं लावून जिंकतात आणि तिथल्या लोकांना वाटतं, पोरगं काय चालवतं!

बोगदा होत आला की सप्तो मान न वळवता हेड डावीकडे सरकवतो आणि म्हणतो, “कांग, बघ जरा.”

थोरल्या भावाला आमच्यात कांग म्हणतात. डावीकडे वेताच्या बाकावर तुकिर बसलेला असतो, सप्तोचा भाऊ, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा. तुकिर करंगळी बोगद्यात घालतो, डोळे मिटतो आणि सावकाश फिरवतो. मग दोनातला एक शब्द बोलतो. “काथ्या.” किंवा “शहाळं.” त्याच्याकडे उरलेले शब्द एवढे दोनच. काथ्या म्हणाला की सप्तो परत कानस उचलतो. धुराचा बोगदा शहाळ्यातल्या मलईसारखा लागायला हवा. हवेचा मात्र किंचित खरखरीत ठेवतात, म्हणजे पेट्रोल भिंतीला चिकटून न बसता हवेत मिसळतं. त्यामुळे हवेच्या बोगद्याला तुकिर काथ्याच म्हणतो, पण म्हणायच्या आधी थांबतो. किती थांबला यावरून सप्तोला कळतं, झालं की अजून बाकी आहे.

मी एकदा माझी करंगळी घालून बघितली होती. मला भोक लागलं.

एकवीस वर्षांपूर्वी तुकिरकडे सगळ्या वस्तीला पुरून उरतील एवढे शब्द होते. शिव्या तर त्याच्याकडून ऐकाव्यात. रुबियाहला त्यानं माझ्याआधी मागणी घातली होती, ते शब्द ती अजून मला सांगत नाही. आणि मोटरसायकल अशी चालवायचा की बघणाऱ्याचे गुडघे दुखावेत. सप्तो तेव्हा सतरा वर्षांचा. भावाच्या गाडीचं हेड त्यानं घरीच कानशीनं घासलं. त्याचं पहिलं हेड. व्हॉल्व्ह सरळ वरखाली व्हावा म्हणून त्याला धरणारी एक नळी बोगद्यात डोकावते. सप्तोला ती हवेच्या वाटेत आडवी आल्यासारखी दिसली. त्यानं ती मुळापासून कापली. नवीन शिकणारे सगळे ही चूक करतात, आणि बहुतेकांचं इंजिन दारातच बंद पडतं. तुकिरचं पडलं कालव्याच्या बांधावर, चौथ्या गिअरमध्ये. व्हॉल्व्ह डगमगला, तुटला, इंजिन जाम, मागचं चाक जाम. तुकिर डोक्यावर पडला, कालव्याच्या सिमेंटवर.

तेव्हापासून तो असा आहे. सप्तो दिसला नाही, किंवा कानशीचा आवाज फार वेळ थांबला, की तो उठतो आणि कालव्याकडे चालायला लागतो. दोनदा पाण्यातून काढलाय. आई होती तोवर थोडं सावरून घ्यायची. ती गेल्यावर सप्तोचं जग म्हणजे पडवी, विहीर आणि गल्लीच्या टोकाची मशीद. लग्नाचं कुणी काढलं नाही आणि त्यानंही काढलं नाही.

बांधावरची ती शर्यत एका पैजेची होती. पैज कुणी लावली होती ते टपरीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर ते चहाच्या ग्लासांत बघत होते.

मी सप्तोकडे गेलो तेव्हा त्यानं मान वर केली नाही. नाही म्हणाला. दोन हेडं द्यायची आहेत, वेळ नाही. मी पायरीवर बूड टेकलं. रविवारी कोण चालवतोय, विचारलं. हान्दोको, म्हणाला, छत्तीस नंबर. हेड तुझं? हं.

“चाळीसेक शर्यती जिंकली असतील तुझी हेडं,” मी म्हणालो. “एकीचा तरी आवाज ऐकलास?”

पोरं फोनवर ऐकवतात, तो म्हणाला. पण फोनमध्ये सगळी इंजिनं डासासारखी वाजतात. हे म्हणताना त्याची कानस थांबली. बाकावर तुकिरनं लगेच मान वर केली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, उठायच्या बेतात. सप्तोनं कानस पुन्हा चालू केली. तुकिर मागे टेकला.

तिथंच मला युक्ती सुचली. आवाज माझ्या हातात असतो हे आधी सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी लग्नातला चांगला माइक आणून पडवीतल्या कपड्यांच्या दोरीला टांगला आणि दोन तास सप्तोचं काम टेप केलं. ग्राइंडर, कानस, पॉलिशपेपर, मधली खोकल्याची उबळ, सगळं. मग माझा सगळ्यात मोठा स्पीकर आणला. खोका मी स्वतः प्लायवूडचा ठोकलेला, पुढे हवेसाठी गोल भोक, करवतीनं कापलेलं, कडा तशाच सोडलेल्या. तो बाकासमोर ठेवला आणि आवाज लावला. सप्तोला मागे विहिरीवर पाठवला. अर्धा तास तुकिर डोलत बसला. एकदा स्पीकरकडे बघितलं, एकदा सप्तोच्या रिकाम्या पाटाकडे बघितलं, आणि परत डोलायला लागला. मी विहिरीवर जाऊन सप्तोला सांगितलं की तू सुटलास.

“अर्धा तास ठीक आहे,” तो म्हणाला. “पुढे?”

पुढेही हेच, मी म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढे पाक दुकूहचा गाऊन होता, गुलाबी.

रविवारी सप्तोनं बाटिकचा शर्ट घातला. इतकी वर्षं घडी करून ठेवलेला, त्यामुळे पाठीवर घडीच्या रेघा तशाच. रुबियाहनं टपरी बंद ठेवली आणि तुकिरजवळ बसायला आली. टेप साडेनवाला सुरू केला. साडेअकरापर्यंत पुरणार होता. सप्तो माझ्या मागे गाडीवर बसला, दोन्ही हातांनी माझ्या कमरेचा पट्टा धरून. कमानीखाली त्यानं मला थांबायला सांगितलं. कमान नुकतीच लाल-पांढरी रंगवलेली होती. त्यानं एक पाय खाली टेकवला आणि कान दिला. घरातून कानशीचा आवाज येत होता. खर्र, खर्र, मग छोटी विश्रांती, परत खर्र.

“मीच वाजतोय,” तो म्हणाला.

मग आम्ही निघालो. पंचवीस मिनिटांचा रस्ता. प्रोगो नदीचा पूल आला तेव्हा तो म्हणाला की हा पूल लोखंडाचा होता ना? मी म्हणालो, पंधरा वर्षं झाली त्याला.

शर्यत दहाला होती. मैदानाभोवतीचा रस्ता गवताच्या पेंढ्या आणि टायर लावून अडवला होता. पण आधी पाहुण्यांची भाषणं. एक पाहुणा खाली बसला की दुसरा उठायचा. माझ्याकडे बदकांचा आवाज असता तर मी तिथंच सोडला असता. सप्तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. अकराला निघालो तरच टेप संपायच्या आत घरी पोचणार. मी हान्दोकोच्या तंबूत जाऊन सांगितलं की हा बघा सप्तो. पोरं आ करून बघायला लागली. एक जण म्हणाला, आम्हाला वाटायचं तुम्ही म्हातारे असाल. दुसऱ्यानं त्याचे हात हातात घेऊन उलटेसुलटे केले, जसं काही हेडच तपासतोय. त्यांचा मालक म्हणाला, आमच्याबरोबर फिरायला या की, पुढच्या महिन्यात पालेम्बांग, मग बाली. सप्तो हसला आणि हात मागे घेतले.

पावणेअकराला शर्यत सुटली. पंधरा फेऱ्या.

आम्ही वळणाजवळच्या पेंढ्यांमागे उभे होतो. पहिल्या फेरीला वीस गाड्या एकदम आल्या आणि माझे कान बधिर झाले. मला आयुष्यभर मोठ्या आवाजाची सवय आहे, तरी. सप्तोनं डोळे मिटले. दुसऱ्या फेरीला गाड्या दिसायच्या आतच म्हणाला, “आला.” आणि छत्तीस नंबर वळणातून बाहेर पडला. तिसऱ्याला पण तसंच. चौथ्याला पण. वीस इंजिनांतून तो एक आवाज उचलत होता, तुकिर करंगळीनं पुळी उचलतो तसा. चेहऱ्यावर हसू बिसू नव्हतं. घाम होता. मी शर्यत सोडून त्याच्याकडेच बघत होतो.

“वळण सुटताना जरा गुदमरतोय,” तो आठव्या फेरीला म्हणाला. “हवेच्या बोगद्याचा तळ अजून अर्धा केस काढायला हवा होता. कांग बरोबर म्हणत होता. तो लवकर बोलला, मीच ऐकलं नाही.”

तरी छत्तीस पुढेच होता. दहाव्या फेरीला दुसऱ्या नंबरवाला त्याच्या मागच्या चाकाला चिकटला, अकराव्याला सुटला. लोक पेंढ्यांवर चढले. मी पण चढलो, ओरडलो, शिव्या दिल्या. खाली बघितलं तर सप्तो घड्याळाकडे बघत होता. अकरा वाजले होते.

“तीन फेऱ्या,” मी म्हणालो. “चार मिनिटं. रुबियाह आहे ना तिथं. टेप संपला तर ती परत पहिल्यापासून लावेल, मी शिकवलंय तिला.”

“पहिल्यापासून लावला की त्याला कळेल,” सप्तो म्हणाला. “इतका वेळ घासलेला बोगदा परत खरखरीत कसा झाला, असं म्हणेल.”

“त्याला दोन शब्द येतात, सप्तो.”

“म्हणेल.”

तो पेंढ्यांपासून वळला. मी मागोमाग गेलो. आमच्या पाठीमागून बारावी फेरी सुटून तेरावी लागली, ते आवाजावरून मलासुद्धा कळलं. मी गाडीला किक मारायच्या आधी तो माझ्याकडे न बघता बोलला.

“ती नळी मी मुळापासून कापली होती, पोनिजो.”

“पैज माझी होती,” मी म्हणालो.

एकवीस वर्षांत आमच्यात या विषयावर झालेलं बोलणं एवढंच. तो मागे बसला, पट्टा धरला. पुलापाशी माझा फोन वाजला. हान्दोको जिंकला होता, एका चाकाच्या अंतरानं. मी मान वळवून सांगितलं. सप्तो म्हणाला, “हं. जरा पळव.”

कमानीत शिरलो तर टेप अजून चालू होता. पॉलिशपेपरचा आवाज. पडवीत रुबियाह उभी, ओढणीचं टोक तोंडाला लावून. रडत होती की हसत होती मला कळेना. तुकिर बाकावर नव्हता. तो माझ्या स्पीकरसमोर मांडी घालून बसला होता आणि त्याची करंगळी स्पीकरच्या गोल भोकात होती.

रुबियाहनं सांगितलं ते असं. पहिला तासभर ठीक चाललं. मग स्पीकरमधून सप्तोचा आवाज आला, “कांग, बघ जरा.” टेपमध्ये ते असणारच होतं, दोन तासांत चारपाचदा. मी अर्ध्या तासावर परीक्षा संपवली होती, तिथवर ते आलंच नव्हतं. तुकिरनं डावीउजवीकडे बघितलं. हेड कुणीच पुढे करत नव्हतं. मग जिथून आवाज आला तिथं तो गेला, भोक दिसलं, करंगळी घातली, डोळे मिटून फिरवली आणि म्हणाला, “काथ्या.” स्पीकर घासत राहिला. पंधरा मिनिटांनी परत, कांग, बघ जरा. परत काथ्या. मग तो तिथून उठलाच नाही. तिनं ओढून बघितलं, भजं दिलं, नारळाचं पाणी दिलं.

“रडला नाही, ओरडला नाही, कालव्याकडे गेला नाही,” ती म्हणाली. “नुसतं तपासत बसला. तुम्ही शर्यत पुरी बघून आला असतात तरी चाललं असतं.”

तिनं ते सरळ मनानं सांगितलं. सप्तोनं ऐकलं. त्याचा चेहरा मी बघितला नाही, कारण मी टेप बंद करायला खाली वाकलो होतो आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिलो.

टेप बंद झाला तसं तुकिरनं डोळे उघडले. “काथ्या,” त्यानं भावाला सांगितलं, तक्रारीच्या सुरात. करंगळी भोकाबाहेर काढली तर प्लायवूडची कुसळं रुतून ती लाल झालेली. सप्तो त्याच्यासमोर बसला. पकडीनं एकेक कुसळ काढलं, बोट धुतलं. मग बाटिकच्या बाह्या वर सारल्या, खिशातून पॉलिशपेपर काढला, काडीला गुंडाळला आणि माझ्या स्पीकरचं भोक घासायला लागला.

मी म्हणणार होतो की अरे, राहू दे, लाकडाचं आहे ते. म्हणालो नाही. त्यानं कड घासली, मग आतली बाजू, मग बारीक कागद घेतला. वीसेक मिनिटं गेली असतील. पाठीवरच्या घडीच्या रेघा घामानं पुसून गेल्या.

“कांग, बघ जरा.”

तुकिरनं करंगळी घातली. फिरवली. “शहाळं,” तो म्हणाला, आणि उठून आपल्या बाकावर जाऊन बसला.

तीनच्या अजानीनंतर पाक दुकूह आला. मिशी ताजी कातरलेली, पण चेहरा उतरलेला. सप्तो वातेसला गेला हे त्याला कळलं होतं. त्यानं सप्तोलाच विचारलं, सरकारी पद्धतीनं. गेला होतास? गेलो होतो. शर्यत बघितलीस? बघितली. झेंडा?

सप्तोनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “बघितला.”

पाक दुकूहनं डोळे मिटले. मला त्याच्या मिशीखालचा गुलाबी गाऊन अगदी लख्ख दिसला. आयुष्यात मी इतक्या थापा मारल्यात की एक ऐकून गिळायला मला काही जड नव्हतं. शिवाय ही थाप माझी नव्हतीच, आयती आली होती.

“खोटं बोलतोय,” मी म्हणालो. “तीन फेऱ्या राहिल्या होत्या. मी हरलो.”

पाक दुकूह बराच वेळ आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. यात कुठे बदक लपलंय, हेच शोधत असणार.

रुबियाहनं तिचा गाऊन द्यायला साफ नकार दिला. तुमचं पोट बसायचं नाही, शिवण उसवेल, म्हणाली. मग मी बाजारात गेलो, कापड स्वतः निवडलं आणि शिंप्याला घेर दुप्पट ठेवायला सांगितला. तो म्हणाला, एवढ्या घेरात दोन बायका मावतील. मी म्हणालो, मावू देत.

सतरा तारखेला सकाळी झेंडावंदन झालं, मग मिरवणूक. मी कमानीखाली रेनकोट घालून उभा, गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत बंद, डोक्यावर पातेलं. आभाळात एक ढग नव्हता. ढोलवाली पोरं आतापासूनच फिदीफिदी हसत होती. त्यांच्या मागे माझाच छोटा ट्रक, वर माझाच स्पीकर. पाक दुकूह टोपी घालून जवळ आला आणि म्हणाला, अट पुरी कर.

मी रेनकोट काढला.

गाऊन काळ्यापांढऱ्या चौकटींचा होता. मानेपासून घोट्यापर्यंत, एकेक चौकट तळहाताएवढी. लोक हसले, पण जरा गोंधळून. कुणीतरी म्हणालं, हॉटेलातलं टेबल निघालं बघा.

“फुलं कुठे आहेत?” पाक दुकूह म्हणाला.

“लेखी होतं का?”

ढोल सुरू झाले. मी कंबर हलवत निघालो. अशा कामात मी पैसे देऊन आणलेल्या माणसालाही हार जात नाही. पहिलं घर, दुसरं, तिसरं. बायका दारात येऊन वाकून वाकून हसत होत्या. चौथ्या घरापाशी मी हात वर करून ढोल थांबवले.

सप्तो पाटावर होता, मांडीत हेड, हातात कानस. तुकिर बाकावर. मी पडवीच्या पायरीवर चढलो आणि तुकिरसमोर गाल पुढे केला. गाऊनसाठी सकाळीच घोटून दाढी केली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, करंगळी उचलली, डोळे मिटले आणि माझ्या गालावरून कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरवली.

“काथ्या,” तो म्हणाला.

गल्लीत हशा फुटला. सप्तोनं न हसता शर्टाच्या खिशातून पॉलिशपेपरचा एक तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. एकवीस वर्षांत त्यानं केलेला हा पहिला विनोद. मी तो पातेल्यात टाकला.

मग मी पायरी उतरलो, मोजून चार पावलं मागे गेलो, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. गाऊनचा घेर दोन्ही हातांनी धरला आणि डोक्याच्या वर नेऊन हलवायला लागलो. वातेसचा तो झेंडेवाला हलवत असेल तसा, खांद्यातून, मोठे आठ काढत. खाली फुटबॉलची चड्डी होती. पोरं किंचाळली. मला दिसत काही नव्हतं, नुसत्या चौकटी, वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या. त्यांच्या फटीतून पडवी.

सप्तो उभा राहिला. कानस पाटावर ठेवली. सकाळी झेंड्यासमोर राहतात तसा सरळ, हात दोन्ही बाजूंना. तुकिरनं त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं आणि ते ताणलं गेलं होतं, तरी तो उभा होता.

हळूहळू हसणं कमी झालं. पाक दुकूह माझ्या कोपराशी येऊन म्हणाला, “चल पुढे, पोनिजो. झालं.” पण हळू म्हणाला, आणि स्वतःही पुढे गेला नाही.

झेंडा पहिल्या गाडीला दाखवून खाली ठेवायचा नसतो. शेवटची गाडी येईपर्यंत हलवायचा असतो. माझे खांदे भरून आले होते, पातेलं एका कानावर आलं होतं. मी हलवत राहिलो.